नदीकाठची आंबट वेल

बसा पोरांनो, कंदील जरा अलीकडे घ्या, आज एका रानद्राक्षाची गोष्ट सांगतो. तिकडे अमेरिकेत मिसिसिपी, मिसुरी अशा दांडग्या नद्या आहेत, आणि पूर ओसरताना जिथं त्या गाळ टाकून जातात तिथल्या झाडीत रिपारिया नावाची वेल माजते. शेंड्यापर्यंत चढून उन्हात डोकं काढल्याशिवाय तिला चैन पडत नाही. पुरानं आडवी करून गाळात गाडली तरी गाडलेल्या पेरांतून मुळं फोडते.

तिची नरवेल निराळी, मादीवेल निराळी. फूल इवलंसं, पण त्याची तऱ्हा बघा: पाकळ्या वरून उमलत नाहीत, शेंड्याला एकमेकींना चिकटून राहतात, बुडातून सुटतात आणि टोपी उडावी तशा एकदम गळतात. फळ वाटाण्याएवढं, काळंनिळं, नि इतकं आंबट की डोळे मिटावेत. पाखरं मात्र आवडीनं खातात.

असल्या वेलीला कोण विचारणार? पण १८६०च्या दशकात फ्रान्समधले द्राक्षमळे वाळायला लागले. मेलेल्या वेली उपटून पाहाव्यात तर मुळाशी काही नाही. १८६८ साली प्लांशों नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सोबत्यांनी जित्या वेली उकरल्या, तेव्हा मुळं बारक्या पिवळ्या किड्यांनी लडबडलेली दिसली. वेल मेली की हे किडे शेजारच्या वेलीकडे निघून जात, म्हणून तर मेलेलीच्या मुळाशी कुणी सापडत नव्हतं! ही फायलोक्सेरा कीड अमेरिकेतून वेलींसोबतच आलेली. रिपारियाची तिच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख. किडीनं मूळ डसलं की ही वेल जखमेभोवती बुचासारखा थर धरते आणि सड आत शिरू देत नाही. मग शहाण्यांनी खाली रानवेलीचा खुंट ठेवला, वर गोड द्राक्षाची कलमं बांधली, आणि मळे पुन्हा फळाला आले. आजही युरोपातल्या बहुतेक बागा अमेरिकी गोताच्या खुंटांवरच उभ्या आहेत.

आणि आपल्याकडे? नाशिक-सांगलीच्या कितीतरी बागांत खाली डॉगरिज हा खुंट असतो, तो याच गोतातला, मूळचा टेक्सासचा; क्षार नि पाण्याची ओढ सोसतो म्हणून आपल्या शेतकऱ्यांनी धरलेला. कधी बागेत गेलात तर घड पाहून झाल्यावर खाली वाका आणि खोडावरचा कलमाचा सांधा बोटानं चाचपून बघा.