परदेशी बालवैद्याची निवड आणि मातेची भाषा

उल्हास नदी ज्या वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते, तिच्याच काठी वरच्या अंगाला कल्याण आहे. तेथे १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांना दहा दिवसांचे मूल गमवावे लागले व त्यातून त्यांचा वैद्यकाचा निश्चय दृढ झाला, ही हकिगत सर्वश्रुत आहे. १८८३ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या आणि मार्च १८८६ मध्ये पदवीधर झाल्या. निवडीस वाव त्यांना फारच थोडा होता. आज वसई-विरार परिसरातील जो पदवीधर अमेरिकेत बालरोगशास्त्राचे तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण घेऊ इच्छितो, त्याच्यापुढे मात्र रुग्णालयांची लांबलचक यादी असते, आणि प्रश्न उभा राहतो तो निवडीच्या निकषाचा.

मुलाखतींनंतर उमेदवार रुग्णालयांचा व रुग्णालये उमेदवारांचा पसंतीक्रम लावतात. त्यांची जुळणी १९५२ पासून एका राष्ट्रीय योजनेद्वारे होत आली आहे. १९९८ पासून ही जुळणी उमेदवाराच्या प्रथम पसंतीपासून सुरू होते. तेथे जागा न मिळाल्यास त्याचा दुसऱ्या पसंतीचा हक्क यत्किंचितही कमी होत नाही. म्हणून ‘मिळण्याजोगे’ रुग्णालय मुद्दाम वर लिहिण्याची चतुराई व्यर्थ होय. क्रम मनातला असावा. परंतु मनातला क्रम बहुधा संस्थेच्या नावलौकिकावरून ठरतो, आणि येथेच भाषेचा विचार राहून जातो.

भाषेची परीक्षा होत नाही असे नव्हे. पूर्वीच्या प्रात्यक्षिक कसोटीत बोली इंग्रजीचे स्वतंत्र मूल्यमापन होई. ती कसोटी २०२१ मध्ये कायमची बंद झाली; आता वैद्यकव्यवसायासाठी आखलेली श्रवण, वाचन, लेखन व संभाषण अशी चतुरंग इंग्रजी परीक्षा परदेशी पदवीधरांस द्यावी लागते. तथापि बालवैद्याचा रुग्ण बोलत नाही. बोलते ती त्याची माता, आणि अमेरिकेतील अनेक शहरांत ती स्पॅनिशमध्ये बोलते.

ती ‘एम्पाचो’ म्हणते तेव्हा तिला अन्न आतड्याला चिकटून बसल्याचे सांगायचे असते. दुभाष्याने याचे ‘अपचन’ असे भाषांतर केले, तर शब्द पोहोचतो; पण त्या दुखण्यावर काही घरांतून दिली जाणारी पिवळी व नारिंगी चूर्णे शिशाची असतात, हे पोहोचत नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी अशा चूर्णांनी मुलांना विषबाधा झाल्याचे अमेरिकेत नोंदले गेले. ‘घरी काय दिले?’ हा प्रश्न संकल्पना ओळखणाऱ्यालाच सुचतो. ‘माल दे ओहो’ म्हणजे तर आपली दृष्टच: कोणी कौतुकाने पाहिले आणि तान्हे मूल रडू लागले, तापले. मीठमोहऱ्या ओवाळलेल्या पाहिलेला वैद्य येथे हसणार नाही. आपल्याकडील सुरम्यातही शिसे आढळते, हे त्याला ठाऊक असते.

या दृष्टीने वसईचा पदवीधर रिकाम्या हाताने जात नाही. सामवेदी म्हणजेच कादोडी, वाडवळी, कोळी बोली, पूर्वेकडे वारली, शिवाय हिंदी व गुजराती अशा प्रदेशात एकाच दुखण्याची अनेक नावे ऐकण्याचा त्याचा कान घडलेला असतो. (पोर्तुगीजांची १५३४ ते १७३९ ची राजवट त्याला स्पॅनिश शिकवून गेलेली नाही, ‘पाव’ आणि ‘बटाटा’ एवढ्यावर रुग्णेतिहास घेता येत नाही.)

म्हणून मुलाखतीत उमेदवारानेही विचारावे: रात्रपाळीत दुभाषी प्रत्यक्ष मिळतो की दूरध्वनीवर? भाषा शिकण्यास वेळ राखून ठेवला आहे काय? थोरल्या भावंडाकडून भाषांतर करून घेण्याची प्रथा आहे काय? २०१६ च्या संघीय नियमाने, आणीबाणीचा प्रसंग वगळता, अल्पवयीन मुलांना दुभाषी म्हणून वापरण्यास मनाई केली आहे. तरी वॉर्डातील व्यवहार विचारल्यावाचून कळत नाही.

परवान्याचा प्रकारही आधी पाहावा. काही रुग्णालये केवळ जे-१ परवान्यावर घेतात. त्यावर प्रशिक्षण घेतलेल्या वैद्याला नंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते, किंवा सूट मिळवून बहुधा वैद्यांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षे सेवा करावी लागते. अशा भागातही मातांची भाषा कोणती, हे पुन्हा विचारावेच लागते.