छातीत साचणारे दुधाळ पाणी

फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी झाले की नागपूर-विदर्भात पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो रास्तच असतो. पण सुईने काढलेले पाणी पिवळसर न निघता दुधासारखे पांढरे निघाले, तर कायलोथोरॅक्सचा, म्हणजे छातीत चरबीयुक्त लसिका साचण्याचा, विचार करावा लागतो.

जेवणातील बहुतेक चरबी थेट रक्तात शिरत नाही. आतड्यातून ती लसिकेत मिसळते आणि हा दुधाळ द्रव, म्हणजे काइल, थोरॅसिक डक्ट या वाहिनीतून वर चढतो. ही वाहिनी छातीत आधी पाठीच्या कण्याच्या उजव्या अंगाने जाते, मध्यावर डावीकडे वळते आणि मानेच्या बुडाशी डावीकडच्या मोठ्या शिरेत रिकामी होते. तिच्यातून दिवसाला दीड ते अडीच लिटर द्रव वाहतो. त्यामुळे ती फाटली तर छाती झपाट्याने भरते आणि धाप लागते. इजा खालच्या भागात असेल तर पाणी बहुधा उजवीकडे साचते, वरच्या भागात असेल तर डावीकडे.

अन्ननलिकेच्या किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेत, तसेच अपघातात वाहिनीला इजा होऊ शकते. शस्त्रक्रियेचा किंवा माराचा इतिहास नसेल तर लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा कर्करोग आधी शोधायला हवा. क्षयाने सुजलेल्या गाठीही वाहिनीवर दाब आणतात. विदर्भात आणखी एक कारण ध्यानात ठेवावे लागते: हत्तीरोग. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात डासांमार्फत पसरणारे त्याचे जंत लसिकावाहिन्यांतच राहतात. पायाची सूज, अंडवृद्धी, दुधाळ लघवी ही त्याची ओळखीची रूपे. छातीत काइल साचणे मात्र विरळा. नवजात बाळांत वाहिनीची जन्मजात विकृती आढळते.

निदान नुसत्या रंगावर करू नये. उपाशी रुग्णाचे काइल पांढरे दिसेलच असे नाही, आणि पूही पांढरट असतो. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर पू खाली बसून वरचे पाणी नितळ होते. काइल दुधाळच राहते. निर्णायक तपासणी ट्रायग्लिसराइडची, आणि ती साधी आहे. प्रमाण डेसिलिटरला ११० मिलिग्रॅमहून जास्त असेल तर निदान जवळपास पक्के; ५० हून कमी असेल तर काइलची शक्यता फार थोडी. मधल्या आकड्यांसाठी कायलोमायक्रॉन हे चरबीचे कण शोधतात. क्षयाचे किंवा संधिवाताचे जुने पाणीही दुधाळ होते, पण त्यात कोलेस्टेरॉल जास्त असते.

मग कारणाचा शोध. सीटी स्कॅनमध्ये गाठी दिसल्या तर त्यांचा तुकडा तपासतात. हत्तीरोगाच्या संशयात रक्त रात्री घेतात, कारण त्याचे सूक्ष्म जंत तेव्हाच रक्तात उतरतात. गळती नेमकी कुठे आहे ते लिम्फँजिओग्राफीत, म्हणजे लसिकावाहिन्यांच्या चित्रणात, दिसते, आणि कधी कधी त्याच प्रक्रियेत ती बंदही करता येते.