नवी आवृत्ती बिघडली, तर पॅकेजमध्ये कोणती घालायची?

लिनक्स वापरणाऱ्यांच्या मनात एक समज घट्ट बसला आहे: आवृत्तीचा आकडा जितका मोठा, तितकं सॉफ्टवेअर सुरक्षित. मार्च २०२४ मध्ये तो साफ खोटा ठरला. फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड युटिल्सच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत चोरदरवाजा लपवलेला होता. दूरच्या संगणकावर ओपनएसएसएचने लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला तो सापडला. २९ मार्चला त्याने ते जाहीर केलं. डेबियन या लिनक्स वितरणाच्या चाचणी आणि अस्थिर शाखांत या आवृत्त्या पोचल्या होत्या. स्थिर शाखेत मात्र ५.४.१ होती, म्हणून ती बचावली.

मग मागची आवृत्ती टाकली की झालं? नाही. पॅकेज व्यवस्थापक आकडेच पाहतो. ज्याच्याकडे ५.६.१ बसली आहे, त्याला आधीची ५.४.५ ही अपडेट म्हणून दिसतच नाही. त्यामुळे डेबियनने पॅकेजला आकडा दिला '५.६.१+रिअली५.४.५-१'. वर नवा आकडा, आत ५.४.५. दिसायला बेंगरूळ, पण मला हा उपाय फार प्रामाणिक वाटतो, कारण आत काय आहे ते नावातच लिहिलेलं आहे. आकड्याआधी 'इपॉक' हा वरचढ ठरणारा जादा आकडा लावण्याचाही मार्ग असतो. पण तो एकदा लावला की त्या पॅकेजला कायमचा चिकटतो.

किती मागे जायचं, हा त्याहून अवघड प्रश्न. चोरदरवाजा घालणाऱ्या 'जिया टॅन' या नावाने आधीच्या आवृत्त्यांतही काम केलं होतं. त्यामुळे डेबियनमध्ये ५.४.५ च्याही मागे जाण्याची चर्चा झाली. इथे आकडा कामाचा नाही. बदल कोणी केला आणि तो कोणी तपासला, हे बघावं लागतं.

जुनी आवृत्ती म्हणजे दुरुस्तीविना पडलेली, हाही गैरसमजच. डेबियनच्या स्थिर शाखेत सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्याच आवृत्तीत आणून बसवतात. मुख्य आकडा तोच राहतो, शेपूट तेवढं बदलतं.

मूळ लेखक लासे कोलिन यांनी चोरदरवाजा काढून मे २०२४ मध्ये ५.६.२ आणली. तोवर जुनीच आवृत्ती योग्य होती. तुमच्या संगणकावर आकडा लहान दिसला, म्हणून बाहेरून नवी फाइल आणून बसवू नका. सुरक्षा अपडेट चालू आहेत ना, तेवढं आजच पाहून घ्या.