घरातील ब्रॉडबँड : दोष कोठे शोधावा?

शाळेची माहिती संगणकावर भरणे, 'दीक्षा'वरील पाठ पाहून दुसऱ्या दिवसाची तयारी करणे, ही कामे जालना जिल्ह्यातील अनेक शिक्षकांना रात्री घरीच उरकावी लागतात. जोडणी मंदावली म्हणजे तयारी अपुरी राहते व हानी मुलांची होते. तथापि 'नेट चालत नाही' एवढेच म्हणणे हे 'मूल कच्चे आहे' असा शेरा मारण्यासारखे होय. कच्चेपणा वाचनात की गणितात, हे कळल्यावाचून उपाय सापडत नाही.

ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची केंद्र सरकारची योजना २०११ साली मंजूर झाली. तीच पुढे 'भारतनेट' झाली. फायबर म्हणजे काचेचा बारीक तंतू. त्यातून संदेश प्रकाशरूपाने वाहतो. तार खिळ्याभोवती करकचून वळवली तर वळणावर प्रकाश बाहेर निसटतो. म्हणून प्रथम तारेची वळणे सैल करावीत. नंतर पेटीवरील दिवे पाहावेत. 'लॉस'चा लाल दिवा लागला असल्यास पेटीपर्यंत पुरेसा प्रकाश पोहोचत नाही, असे समजावे. पेटी अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करावी. दिवा तरीही लालच राहिला, तर कंपनीकडे तक्रार नोंदवावी.

लाल दिवा नसूनही वेग कमी असेल, तर संगणक केबलने थेट पेटीस जोडून वेग मोजावा. मोजताना घरातील इतर मोबाइल व टीव्ही जोडणीवरून काढावेत. केबलवर वेग पुरेसा मिळाला, तर दोष वायफायचा. पेटी लोखंडी कपाटामागे वा जाड भिंतीच्या कोपऱ्यात नसावी. ती घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावी. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे अधिक पोहोचते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण जवळच उपयोगी. वेग मोजताना एकक पाहावे : ८ बिट म्हणजे १ बाइट. यास्तव ४० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदास फार तर ५ मेगाबाइट उतरतात. हा दोष नव्हे.

केबलवरही वेग कमीच आढळल्यास तीन दिवस सकाळी, दुपारी व रात्री तो मोजून वहीत नोंदवावा. केवळ रात्री घट दिसली, तर वाटेवरील गर्दी हे कारण संभवते. अशी नोंद जोडलेल्या तक्रारीस उडवाउडवीचे उत्तर देणे कठीण जाते. शिवाय तेच आकडे वरच्या वर्गात सरासरी शिकविण्यासही उपयोगी पडतील.