शेकोटीच्या भिंतीवरची शाळा

ज्या मुलाला अजून अक्षर ओळखता येत नाही, त्याला शिकवायचे कसे? लंडनमधील एका आईने त्यासाठी घरातील शेकोटीचा उपयोग केला. शेकोटीभोवती हॉलंडच्या टाइल्स बसवलेल्या होत्या आणि त्यांवर बायबलमधील प्रसंग रंगवलेले होते. ती चित्रे दाखवून ती मुलाला कथा सांगे. वाचता येण्याआधीच पोराला साऱ्या कथा ठाऊक झाल्या. हा मुलगा म्हणजे १७०२ साली जन्मलेला फिलिप डॉड्रिज. ती माऊली धर्मछळामुळे बोहेमिया सोडून आलेल्या एका पाद्र्याची मुलगी होती, हेही ध्यानात ठेवावे.

अशा टाइल्स हॉलंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत मोठ्या प्रमाणावर होत. बाजू सुमारे १३ सेंटिमीटर. भाजलेल्या मातीवर कथील आणि शिसे यांची पांढरी झिलई, तिच्यावर निळे किंवा जांभळे चित्र. नोहाचे तारू, माशाच्या पोटातून सुटलेला योना, गल्याथासमोर उभा दावीद. बऱ्याच टाइल्सवर चित्राखाली अध्याय आणि ओवीचा आकडा असे, म्हणजे वाचता येणाऱ्याने ग्रंथ उघडून पाहावे.

रंगवणारे मजूर कारखान्यात ओळीने बसत. चित्राच्या रेषांवर सुईने भोके पाडलेला कागद टाइलवर ठेवायचा आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची, ठिपके उमटत. मग कुंचला. कच्ची झिलई कोरड्या पुडीसारखी असते, रंग लगेच शोषून घेते. चुकलेली रेघ पुसता येत नाही! कागद उलटा पडला तर चित्रही उलटे, उजव्या हाताचा माणूस डावखुरा. त्यानंतर भट्टी. असे हात बसायला किती टाइल्स रंगवाव्या लागत असतील, याचा अंदाज हाताने काम करणाऱ्याला सहज येईल.

फिलिप मोठा होऊन धर्मोपदेशक झाला. इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेरच्या लोकांना तेव्हा ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे. त्याने १७२९ साली नॉर्थम्प्टन येथे विद्यालय हाती घेतले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १७५१ पर्यंत, तेथे अशा तरुणांना शिकवले.

आज या टाइल्स लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, जुन्या वस्तूंच्या बाजारात सुट्याही विकल्या जातात. अध्यायाचा आकडा अजून स्पष्ट वाचता येतो. रंगवणाऱ्याचे नाव मात्र बहुतेक टाइल्सवर नाही.