पिकत्या फळाला सुगंध येतो कोठून?

चैत्र-वैशाखात पनवेलच्या बाजारात आंब्याच्या पेट्या उतरू लागल्या की रंगाने पिवळाजर्द, पण नाकाशी धरला तर निर्गंध, असा आंबा कधी ना कधी हाती पडतोच. कापल्यावर तो फिका निघतो. आपण विक्रेत्याला बोल लावतो आणि विषय तेथेच संपतो. परंतु रंग आला आणि सुगंध आला नाही, असे का घडावे? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर फळातील अमिनो आम्लांच्या रूपांतरात आहे.

अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांच्या विटा. त्यांपैकी ल्युसीन, व्हॅलीन आणि मेथिओनीन आपल्या शरीराला तयार करता येत नाहीत. ती डाळी, दूध, अंडी यांतून मिळवावी लागतात. वनस्पती मात्र ती स्वतः घडवतात आणि फळ पिकू लागले की त्यांना आणखी दोन कामांना लावतात.

पहिले काम इशारा देण्याचे. आंबा, केळी, चिकू, फणस ही फळे झाडावरून उतरवल्यानंतरही पिकतात, ती इथिलीन या वायूमुळे. पिकणारे सफरचंद हा वायू स्वतःच सोडते, हे 1934 मध्ये इंग्लंडमधील रिचर्ड गेन यांनी सिद्ध केले. तो मेथिओनीनपासून कसा तयार होतो, या साखळीतील महत्त्वाचा दुवा 1979 मध्ये ॲडम्स आणि यांग या शास्त्रज्ञांनी उलगडला. विशेष म्हणजे मेथिओनीनमधील गंधकाचा भाग पेशी वाया जाऊ देत नाही. तो वापरून पुन्हा मेथिओनीन घडवते. त्यामुळे अल्प साठ्यावरही वायूची निर्मिती चालू राहते. कोकणातील शेतकरी पेंढ्यात आंब्याची अढी घालतो, तेव्हा तो हाच वायू आणि ऊब फळांभोवती राखून ठेवत असतो.

दुसरे काम सुगंधाचे. जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावलच्या मळ्यांतून निघालेल्या हिरव्या घडाला केळीचा वास नसतो. पिकताना ल्युसीनमधील नत्रयुक्त गट प्रथम वेगळा होतो, मग कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि उरलेल्या भागापासून एक अल्कोहोल बनते. विकरांच्या साहाय्याने त्याचा ॲसिटिक आम्लाच्या घटकाशी संयोग झाला की आयसोअमाइल ॲसिटेट हे एस्टर तयार होते. केळीचा ओळखीचा वास प्रामुख्याने याचाच. व्हॅलीनपासूनही असेच दुसरे एस्टर बनते. फणसाच्या गऱ्यांचा दूरवर जाणारा वास याच घराण्यातील एस्टरांमुळे येतो.

हापूसची घडण थोडी निराळी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी त्याच्या सुगंधाचा सविस्तर अभ्यास केला आहे. त्यात टर्पीन वर्गातील द्रव्ये कच्च्या फळापासूनच असतात; पिकताना त्यांत साखरेपासून बनणारी फ्युरॅनोन आणि मेदाम्लांपासून बनणारी लॅक्टोन यांची भर पडते. म्हणजे येथे सुगंधाचा कच्चा माल मुख्यतः अमिनो आम्लांचा नव्हे. पण पिकण्याचा इशारा मात्र मेथिओनीनपासून निघालेल्या इथिलीनचाच.

इशारा मिळाला तरी कच्चा माल आणि विकरे तयार असावी लागतात, आणि ती तयारी फळ झाडावर जून होताना होते. म्हणूनच जाणता बागायतदार झाडाला पाड लागल्याशिवाय तोडणी करीत नाही. हंगामाच्या आरंभीच्या चढ्या भावासाठी कोवळे फळ उतरवले, तर बाहेरून वायू देऊन सालीचा रंग पालटता येतो. गरातील अपुरी राहिलेली घडण मात्र त्याने भरून येत नाही.

कॅल्शियम कार्बाइडची गोष्ट याहून गंभीर आहे. ओलाव्याशी संबंध येताच त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो इथिलीनची नक्कल करतो. औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात; ते हाताळणाऱ्या मजुराला आणि खाणाऱ्याला, दोघांनाही घातक. 2011 च्या अन्नसुरक्षा विनियमांनुसार कार्बाइडने फळे पिकवण्यास बंदी आहे. इथिलीन वायूचा वापर मात्र हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत करता येतो. यावरून पिकवणघरातील प्रत्येक फळ विषारी असते, हा समज चुकीचा ठरतो. प्रश्न कोणते द्रव्य वापरले आणि फळ जून होते का, हा आहे.

वसतिगृहात शेकडो मुलांच्या पानात एकाच वेळी फळ पडते, तेव्हा खरेदी करणाऱ्याने हे जाणणे आवश्यक ठरते. निव्वळ एकसारख्या पिवळ्या रंगावर जाऊ नये. फळ देठाजवळ हुंगून पाहावे, एखादे कापून गर पाहावा, हंगामाच्या आधी आलेल्या मालाविषयी चौकशी करावी आणि खाण्यापूर्वी फळे वाहत्या पाण्याने धुवावीत. सुगंध हा शुद्धतेचा दाखला नव्हे. पण फळाची घडण पुरी झाल्याची ती बऱ्यापैकी विश्वासार्ह खूण आहे. विद्यार्थ्यांनीही पिकत्या केळीशेजारी एक जून कच्चा आंबा कागदी पिशवीत ठेवून, दुसरा तसाच मोकळा ठेवावा आणि रोज दोहोंचा रंग व वास वहीत नोंदवावा. पुस्तकातील इथिलीन त्यांना चार-सहा दिवसांत प्रत्यक्ष कामाला लागलेले दिसेल.