मूत्रपिंडावरचे ठिपके

कत्तलखान्यात डुकराचे पोट उघडले की पशुवैद्याची नजर मूत्रपिंडांवरून फिरते. कधी त्यांवर राखट-पांढरे ठिपके आढळतात. तो भाग काढून टाकला जातो, उरलेल्या मांसावर शिक्का उमटतो आणि प्रकरण तेथेच मिटते. आमचा आक्षेप आहे तो या मिटण्याला.

या ठिपक्यांमागे पुष्कळदा लेप्टोस्पायरा हा मळसूत्री जंतू असतो. जपानच्या इनादा व इदो यांनी १९१५ साली तो माणसाच्या कावीळयुक्त तापाचे कारण म्हणून ओळखला. डुकराच्या मूत्रनलिकांत तो ठाण मांडतो आणि जनावर वरकरणी धडधाकट असताना महिनोन्‌महिने मूत्रावाटे बाहेर पडत राहतो. डुकरीण गाभडली तरच धन्याला शंका यायची. अर्थात ठिपका दिसला की लेप्टो, असा निवाडा नुसत्या डोळ्यांनी देता येत नाही. सर्कोव्हायरस वा अन्य जिवाणूंनीही मूत्रपिंडाचा दाह होतो. म्हणूनच प्रयोगशाळेची साक्ष हवी. ती न काढता मूत्रपिंड फेकून देणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय.

नाताळचे सोरपोतेल खाणाराने घाबरण्याचे कारण नाही. नीट शिजवले की जंतू मरतो. भय आहे ते सुरी धरणाऱ्याला, आतडी धुणाऱ्याला, डुकरांची घाण उपसणाऱ्याला. बोटावरची एवढीशी चीर जंतूला पुरते. पुढे हेच मूत्र पावसाच्या पाण्यात मिसळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मागोमाग मुंबईत लेप्टोची साथ आली, हे वाचकांना स्मरत असेल. दोष सारा उंदरांच्या माथी गेला. उंदीर प्रमुख आरोपी खराच, परंतु डुकरे, गुरे आणि कुत्रीही त्याचे साथीदार आहेत. तापीकाठच्या बऱ्हाणपुरातला बुधवारा असो की मांडवीकाठची आमची पणजी, तुंबलेल्या गटारातून अनवाणी जाणाऱ्याला धोका सारखाच.

मूत्रपिंडावर तांबडे, टाचणीच्या टोकाएवढे रक्तबिंदू दिसले तर गोष्ट निराळी. तेथे स्वाइन फीव्हरचा संशय घ्यावा लागतो. त्यातला आफ्रिकन प्रकार माणसाला होत नाही, पण पाळणाऱ्याला धुळीस मिळवतो. २०२० साली तो आसाम-अरुणाचलात प्रथम आढळला. २०२२ साली बऱ्हाणपूरच्याच राज्यात, रीवा येथे, २,०००हून अधिक डुकरे दगावली.

उसगावच्या गोवा मीट कॉम्प्लेक्ससारख्या शासकीय कत्तलखान्यापासून आरंभ करता येईल. डुकराच्या मूत्रपिंडाची खूण नोंदवहीत चढावी, नमुना तपासला जावा आणि निष्कर्ष ते जनावर ज्या गावचे, त्या गावच्या पशुवैद्याला व आरोग्यकेंद्राला कळावा. कामगारांना हातमोजे आणि गमबूट मिळावेत. तापाने फणफणलेला रुग्ण आला तर त्याचा धंदा कोणता, हे डॉक्टरांनी आधी विचारावे. वेळीच दिलेल्या साध्या प्रतिजैविकाने पुष्कळ जीव वाचतात.

राहिला घरामागे माडाखाली कापल्या जाणाऱ्या डुकराचा प्रश्न. त्याचे मूत्रपिंड कोणीच पाहत नाही; ते थेट कुत्र्यापुढे पडते. पशुसंवर्धन खात्याने येत्या पावसाळ्यापूर्वी यातही हात घालावा.